जावई झोपले होते

गाडी त्या झाडाखाली लावायला मीच सांगितलं. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना मला दुसऱ्या कुणाच्या आड लपता येणार नाही.

त्या वर्षी अधिक महिना ज्येष्ठात आला होता. मुलीच्या लग्नानंतरचा तो पहिलाच धोंड्याचा महिना. ह्या महिन्यात जावयाला घरी बोलवायचं, ओवाळायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, ऐपतीप्रमाणे हातावर काही ठेवायचं, ही आमच्याकडची रीत. मुलगी धुळ्याला दिलेली. जावई तिथे एका खासगी कंपनीत नोकरीला आहेत. लग्नानंतर त्यांनी गाडी घेतली. पांढरी, आणि त्यांच्या घरातली पहिलीच चारचाकी. ती गाडी घेऊन ते पहिल्यांदा जळगावला आले ते ह्या जेवणासाठी.

जळगावात मेच्या दुपारी पाहुण्याला पाण्याच्याही आधी द्यायची गोष्ट म्हणजे सावली. आमच्या कॉलनीत ती फार नाही. माझ्या गेटाशी मात्र कडुनिंब आहे, घर बांधलं त्या वर्षी लावलेला. त्याच्याखाली माझी स्कूटर असते. जावयांनी गाडी समोरच्या मोकळ्या प्लॉटजवळ उन्हात उभी केली आणि ते उतरायला लागले, तसा मी गेटातून ओरडलो, "तिथं नको, तिथं नको! सीटवर भाकरी भाजून निघेल."

मी स्कूटर ओढून उन्हात नेली आणि हातवारे करत गाडी मागे घ्यायला लावली. "येऊ द्या, येऊ द्या. अजून. बस."

जावई खाली उतरून म्हणाले, "मामा, तुमची स्कूटर तापेल ना." आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात.

"तापू द्या. ती काय पाहुणी आहे का?"

सगळे हसले. मीही हसलो.

आदल्या दिवशी मी आणखी एक शहाणपण केलं होतं. उन्हाळ्यात आमच्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून वायरमनला बोलावून आतल्या खोलीतला कूलर इन्व्हर्टरवर घेतला होता. जावयाची दुपारची झोप मोडू नये, एवढंच मनात होतं. बायको म्हणाली होती, "इतकी वर्षं मी घामाघूम होतेय, तेव्हा नाही सुचलं." मी म्हटलं, "तू घरची."

जेवण झकास झालं. धोंडे, खापरावरचे मांडे, आमरस, कुरडया. औक्षणाचे फोटो मीच काढले. रसाचं जेवण झालेला माणूस किती वेळ बसणार? जावई आतल्या खोलीत आडवे झाले. कूलर घरघरायला लागला. मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो आणि मला फार समाधान वाटत होतं. हेही लिहायला हवं.

मग पश्चिमेकडून आभाळ मातकट झालं. आमच्याकडे त्या वाऱ्याला वावधन म्हणतात. दरवर्षी येतं, कुठेतरी केळीचे बाग लोळवतं, कुणाचे पत्रे उडवतं, आणि आपण दुसऱ्या दिवशी पेपरात वाचतो. पाऊस नव्हताच म्हणायचा. नुसती धूळ आणि आवाज. लाईट गेली. मी डोळे मिटून भिंतीला टेकलो, तेवढ्यात कडाड् असं झालं. डोळे उघडले तर कडुनिंबाची रस्त्याकडची मोठी फांदी गाडीवर झोपलेली होती. छत कढईसारखं खोल गेलं होतं. पुढच्या काचेचं जाळं झालं होतं. बॉनेट पानांखाली दिसतच नव्हतं.

बायको आणि मुलगी धावत बाहेर आल्या. मुलीने तोंडावर हात घेतला. मग ती वळली.

"पप्पा, मी त्यांना उठवते."

"नको."

"अहो, गाडी त्यांची आहे."

"म्हणूनच नको. तू आत जा. झोपू दे त्यांना."

असं मी का म्हणालो? पुढे कितीतरी लोकांनी मला हे विचारलं, आणि प्रत्येकाला मी काहीतरी उत्तर दिलं, पण एकही उत्तर मला पुरतं पटलेलं नाही. त्या क्षणी माझ्या डोक्यात गाडीचं नुकसान नव्हतंच. धोंड्याच्या दिवशी, माझ्या दारात, आम्ही ओवाळलेला माणूस डोळे चोळत बाहेर येईल आणि त्याला हे दिसेल, एवढंच होतं. ते त्याला दिसता कामा नये. निदान असं दिसता कामा नये.

समोर नाना राहतात, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. ते धोतराचा सोगा सावरत आले आणि गाडीकडे न बघता त्यांनी आधी माझ्या खिडकीकडे बघितलं.

"जवाई झोपेल शे ना?"

"हो."

"मंग चाल. तो उठाना आधी बठ्ठं साफ करी टाकू."

मला कुणाला काही समजवावं लागलं नाही. सगळी गल्ली कुजबुजत कामाला लागली. कुऱ्हाडी आल्या, एकाने करवत आणली. "हळू रे, हळू, पाहुणे झोपलेत," असं म्हणत माणसं फांदी तोडत होती. पडलेलं लाकूड आमच्याकडे रस्त्यात ठेवत नाहीत. ज्याने तोडलं त्याने न्यायचं. बघता बघता फांदी घराघरांत गेली. बायकोने काचा झाडल्या, वरून पाणी मारलं. मुलगी ओट्याच्या खांबाला धरून उभी होती. तिने एकदा आत बघितलं, एकदा माझ्याकडे. मी मान हलवली, नको म्हणून. इन्व्हर्टरवरचा कूलर इमानाने चालू होता.

किल्ली टीव्हीजवळ होती. नाना स्टीअरिंगवर बसले. छत खाली आल्यामुळे त्यांना मान वाकडी करून बसावं लागलं. "सगळा जन्म एसटीत गेला, पण पुलाखालून जाताना बी कधी मान वाकवली नाही," असं म्हणून त्यांनी गाडी चालू केली. हायवेपलीकडे त्यांच्या ओळखीचा पत्र्याचं काम करणारा एक मिस्त्री होता. तो गाडीत उताणा झोपला, आतून लाकडी ठोकळा लावला आणि हाणायला लागला. "बघा काका, पाहुण्याला कळणारसुद्धा नाही." मला त्या आवाजाने बरं वाटत होतं. प्रत्येक ठोक्याला वाटत होतं, थोडं कमी झालं, थोडं कमी झालं.

नानांना तिथेच ठेवून मी रिक्षाने घरी आलो, आणि मागोमाग जावई उठून बाहेर आले. केस विस्कटलेले, चेहरा ताजा.

"मामा, वारं येऊन गेलं वाटतं? मस्त गार झालं."

"हो. जरासं."

त्यांनी गेटाकडे बघितलं. झाडाला जिथून फांदी सुटली होती तिथे पांढरी जखम दिसत होती. खाली जमीन स्वच्छ, ओली.

"गाडी?"

मी म्हणालो, "आधी चहा घ्या."

ह्या तीन शब्दांची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

चहानंतर मी काय झालं ते सांगितलं, आणि मिस्त्रीकडे जाऊन जावयांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "मामा, फोटो काढला ना?"

मी उत्साहाने मोबाइल काढून औक्षणाचे फोटो दाखवले. मला खरंच वाटलं, ते दुपारच्या फोटोंबद्दल विचारताहेत. माझं डोकं त्या वेळी कुठे होतं, मला माहीत नाही. एका फोटोत ते पाटावर बसले होते, मागे उघडं दार, दारातून झाड आणि झाडाखाली पांढरी, अख्खी गाडी. ते त्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिले.

"छान आलाय," म्हणाले.

ते टोमणा मारत होते की माझी लाज राखत होते? मी आजही तो फोटो काढून बघतो आणि मला कळत नाही.

त्यांना हवा होता तो फोटो फांदी गाडीवर असतानाचा. तसा एकही नव्हता. शेजाऱ्यांचा सीसीटीव्ही कॅमेरा होता, पण लाईट गेल्यामुळे तोही बंद. जावयांनी विमा कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली असणार की गाडी जागेवरून हलवू नका, दुरुस्तीला हात लावू नका, आमचा सर्व्हेअर येईल. कारण जावई फोनवर म्हणाले, "हलवली आहे. हो. दुरुस्ती... सुरू आहे." मिस्त्रीचा हातोडा हवेतच थांबला. त्याने मला हळूच विचारलं, "काका, मग मी परत आत दाबून देऊ का? होता तसा?"

आणि मी क्षणभर त्यावर विचार केला.

खरी शरम पुढे आहे. मी एका पाइपच्या कारखान्यात गोदाम सांभाळतो. ट्रकमधून माल फुटून आला तर हात लावायचा नाही, आधी फोटो, मग विम्याचा माणूस, मग हात. हे मी नव्या माणसांना शिकवतो. एकाला त्यावरून ओरडलोही आहे. कारखान्यात जे मला झोपेतही आठवलं असतं, ते घराच्या गेटात आठवलं नाही. कारण कारखान्यात जावई नसतो.

मुलगी आणि जावई संध्याकाळच्या एसटीने धुळ्याला गेले. अनारशांचा डबा आणि आंब्यांची पेटी मांडीवर घेऊन जावई खिडकीशी बसले. गाडी घेऊन आलेला माणूस बसने परत चालला होता. मी खिडकीखाली उभा होतो. "मामा, तुम्ही जा घरी," म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका." माझ्या मुलीने मात्र माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी व्याह्यांचा फोन आला. "काय व्याहीबुवा! जळगावचे लोक धोंड्याला जावयाच्या अंगावर सोनं घालतात म्हणे. तुम्ही निंब घातला!" आणि ते मोठ्याने हसले. मीही हसलो. फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "रागावलेत का?" मी म्हटलं, "हसले." ती म्हणाली, "हसले म्हणजे काय?"

मुलीचा फोन त्यानंतर आला. तिचा आवाज बसलेला होता.

"पप्पा, हे काहीच बोलत नाहीत. एकदाच म्हणाले, तू तरी उठवायचं."

"माझं नाव सांग. मी नको म्हटलं होतं."

"सांगितलं. तर म्हणाले, गाडी कुणाची होती? तू माझी बायको आहेस की अजून पप्पांची मुलगी?"

गाडीचं काय व्हायचं ते होईल, पण एका कूलरच्या आवाजात मी माझ्या मुलीला तिच्याच घरात परकं करून ठेवलं होतं. ती शहाणी होती, उठवत होती. माझ्या एका शब्दासाठी थांबली. क्लेम नामंजूर झाला तर ते वाक्य त्या घरात कायमचं राहील, असं मला वाटायला लागलं.

सर्व्हेअर येणार कळल्यावर जो तो मला सल्ला देऊ लागला. नाना म्हणाले, "सांगा, रस्ता अडला होता, म्हणून हलवली. कोण पाहायला आलंय?" माझा भाऊ एरंडोलहून फोनवर म्हणाला, "झाड रस्त्यात पडलं होतं, गाडी त्यावर आपटली असं सांग." मिस्त्री म्हणाला, "मी आधी ठोकलंच नाही म्हणून सांगतो, तुम्ही काळजी करू नका." मी जावयांनाच फोन केला. काय सांगू?

"मामा, तुम्हाला योग्य वाटेल ते सांगा."

ह्याचा अर्थ काय घ्यायचा? खोटं बोलायची मोकळीक, की खरं बोलतो का ह्याची पारख? मी दिवसभर ते वाक्य घोळवलं. गोदामात माणसं मला दोनदा हाक मारायची.

कुणीतरी म्हणालं, सर्व्हेअर फांदी बघायला मागतो. मग मी फांदी गोळा करायला निघालो. दारोदार. "अक्का, परवाचं लाकूड आहे का हो?" मागच्या गल्लीतल्या अक्का बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, पीठ शिजवायला चूल पेटवून बसल्या होत्या. मी वाकून आधी चुलीत बघितलं. त्या म्हणाल्या, "ओलं लाकूड पेटस का भाऊ? ते शे कुंपणले लायेल. तुमनं तुम्ही लई जा." मग मला बघून मुलीबाळी हसायला लागल्या. एकीने दिलेला ओंडका मी खांद्यावर घेतला, दुसऱ्याने हातगाडी दिली. आणि सकाळी नाना आणि मी गेटासमोर त्या फांदीचे तुकडे जुळवत बसलो. हा इथला, नाही, हा तिथला, ह्याचा काप बघ. जाड तुकडा मधोमध कमी पडत होता. कुणाच्या घरी राहिला ते कळलंच नाही. नाना कमरेवर हात ठेवून म्हणाले, "आपण काय करतोय ते तुम्हाला तरी कळतंय का?"

मी पुढचा तुकडा उचलला.

सर्व्हेअर तरुण होता, विदर्भातला, शांत बोलणारा. मिस्त्रीकडे गाडी बघून, फोटो काढून, जावयांना घेऊन तो घरी आला. जावई त्यासाठी रजा टाकून आले होते. त्याने जुळवलेल्या फांदीकडे बघितलं.

"ही अशीच पडली होती?"

"नाही. आम्ही जुळवली."

"का?"

"तुम्हाला दाखवायला."

त्याने रुमालाने कपाळ पुसलं. "फांदी कमकुवत होती का आधीपासून?"

"छे हो! ह्याच फांदीला आम्ही आखाजीला झोका बांधायचो. मुलगी लहानपणापासून ह्यावरच झोके घ्यायची." मी हे अभिमानाने सांगितलं, फांदी किती भक्कम होती म्हणून.

"म्हणजे दोर घासून खाच पडलेली असेल."

असेल का? मी जे बोलेन ते उलटं होऊन माझ्याकडे येत होतं. मी झाडाकडे बघितलं, जावयांकडे बघितलं. ते फांदीकडे बघत होते.

"बरं," तो म्हणाला, "पडल्यावर गाडी का हलवली?"

माझ्या मागे नाना मोठ्याने खाकरले. रस्ता अडला होता, हे वाक्य माझ्या ओठांवर तयार होतं. मी ते पाठ केलं होतं.

मी म्हणालो, "जावई झोपले होते."

"कोण?"

"हे."

"मग?"

"मग म्हटलं, ते उठायच्या आत नीट करून ठेवावी. मुलगी उठवत होती त्यांना. तिने दोनदा विचारलं. मीच नको म्हणालो. तिची काही चूक नाही."

सर्व्हेअरला वाटलं मी वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतोय. आणि तो बरोबर होता. मी त्याच्याशी बोलतच नव्हतो.

तो जावयांकडे वळला. "गाडीमालक तुम्ही. तुम्ही घरात होतात, आणि तुम्हाला न विचारता गाडी नेली?"

"माझ्यासाठीच नेली," जावई म्हणाले.

"साहेब, मी लिहू काय?"

नाना पुढे झाले. "लिहा ना, धोंड्याचा महिना व्हता." पहिल्यांदाच जावई हसले. सर्व्हेअर हसला नाही. त्याने काहीतरी लिहिलं.

काही आठवड्यांनी निकाल आला. काच, बॉनेट, दिवे ह्यांचा क्लेम मंजूर झाला. छताचा नाही, कारण मूळ नुकसान तपासता आलं नाही. म्हणजे झाडाने जे मोडलं ते भरून मिळालं, आणि मी जे सुधारलं ते तसंच राहिलं. नवं छत मी बसवून देतो म्हटलं. जावयांनी ऐकलं नाही. मुलगी म्हणाली, "पप्पा, आता राहू द्या. तुम्ही काही करू नका." हे ती रागाने म्हणाली नाही, आणि म्हणूनच मला जास्त लागलं.

पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोघं आले. त्याच गाडीने. छताला मधोमध अजून उथळ खळगा आहे. मुलगी म्हणाली, "पाऊस आला की वाटीभर पाणी साचतं. चिमण्या येतात." जावई म्हणाले, "फुकटचा हौद आहे, मामा." दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मला बरं वाटलं, पण किती बरं वाटून घ्यावं ते समजेना.

पण हे नंतरचं. आधी गाडी गेटाबाहेर थांबली, जावयांनी काच खाली केली आणि विचारलं, "मामा, कुठे लावू?"

ऊन रणरणत होतं. झाड एका बाजूने रिकामं झालं होतं, तरी सावली होती. मी हात वर केला आणि तो तसाच राहिला. काय सांगायचं असतं अशा वेळी? शेवटी मुलगीच म्हणाली, "लावा हो सावलीत. दरवर्षी थोडीच फांदी पडते." त्यांनी गाडी झाडाखाली घेतली. मी हातवारे केले नाहीत.

जेवणं झाली. झोपायला जाताना जावयांनी किल्ली आणून माझ्या हातात दिली.

"मामा, काही झालं तर उठवा मला."

मी किल्ली मुठीत घेऊन ओट्यावर बसलो. आत कूलर चालू होता. दुपार कलली तसा जरा वारा सुटला. वावधन नव्हतं, साधा वारा. निंबाचा मोहर गाडीच्या खळग्यात गळत होता. आभाळ स्वच्छ होतं. मी उठलो, परत बसलो. काही झालं का? काहीच झालं नव्हतं. पण काही झालं तर, असं ते म्हणाले होते, आणि कुठपर्यंत काही झालेलं नसतं हे मला ठरवता येत नव्हतं. मुलगी दारात येऊन उभी राहिली. माझ्याकडे बघत होती. ह्या वेळी तिने काही विचारलं नाही.

मी आत गेलो आणि जावयांच्या खांद्याला हात लावला.

ते दचकून उठले. "काय झालं?"

"काही नाही. वारा सुटलाय."

ते तसेच बाहेर आले, केस विस्कटलेले. आम्ही तिघंही ओट्यावर उभे राहून झाडाकडे बघत राहिलो. पानं हलत होती, एवढंच.

"बरं केलं उठवलंत," जावई म्हणाले, आणि जांभई देत तिथेच माझ्याशेजारी बसले.

हे त्यांनी मनापासून म्हटलं की रीत म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही. मुलगी मात्र हसली, आणि चहा ठेवायला आत गेली.